खंडेराव शेवाळे आणि पिळाची सळई

नाव: खंडेराव मारुती शेवाळे. वय: अंदाजे बेचाळीस, स्वतः सांगितल्यास अडतीस. मूळ गाव पाटण तालुक्यात. सध्या मुक्काम सालवड, तालुका पालघर, जिल्हा ठाणे. पत्र्याची खोली, दाराची चौकट बसवलेली, दार यायचे आहे. धंदा: बांधकामासाठी लोखंडी सळया सरळ करणे, वाकवणे व बांधणे. पूर्वानुभव: कोयना धरण. शिक्षण: सही. शरीरावरील खूण: दोन्ही तळव्यांना घट्टे, डावा अंगठा उजव्यापेक्षा रुंद. वर्तणूक: समाधानकारक. सदर इसमाचा कोणावर आकस आहे किंवा कसे, हा रकाना ठेकेदाराच्या छापील कागदावर नसल्याने भरलेला नाही.

तो असता तर भरायला फार जागा लागली नसती. वामन हे नाव तसं आटोपशीर आहे.

१९६७ साल. तारापूरच्या किनाऱ्याला अणुवीज केंद्राचं काम जोरात होतं आणि त्या कामाच्या वाऱ्याने बोईसरच्या आसपास छोटीमोठी शंभर कामं निघाली होती. त्यातलंच एक सरावलीजवळच्या पाण्याच्या उंच टाकीचं. ते नगीनशेठ नावाच्या ठेकेदाराने घेतलं होतं. नगीनशेठना लोखंडातलं एवढंच कळे की ते वजनावर विकत मिळतं. बाकीचं सगळं खंडेरावांना कळतं, असं नगीनशेठ म्हणत आणि खंडेराव ते नाकारत नसत.

त्या काळी सळई लॉरीतून यायची ती मधोमध दुमडून. लांब सळई लॉरीत मावणार कशी? म्हणून केसात खोचायच्या आकड्यासारखी तिची घडी घालायची आणि कामावर आली की ती घडी उलगडायची. उलगडणं कोणालाही जमे. पण घडी मोडली तरी तिथे एक कुबड उरतं, आणि ते घालवण्यात खंडेरावांचा हात कोणी धरू शकत नव्हता. ते सळई ठोकळ्यावर ठेवत, तळवा फिरवत, दोन घाव इथे, एक तिथे, पुन्हा तळवा. आणि सळई अशी होई की दुमड कुठे होती हे लॉरीवाल्यालाही सांगता येऊ नये. कोयनेवर एका साहेबाने त्यांच्या सळईला दोरी लावून पाहिली होती म्हणे आणि दोरीच वाकडी निघाली होती. ही हकीकत खंडेराव दर नव्या माणसाला सांगत. वामनलाही त्यांनी ती पहिल्याच दिवशी सांगितली.

वामन सातपाटीचा. घरची होडी होती, थोरले भाऊ समुद्रावर जात, पण याला होडीत बसलं की पोटात ढवळे. मासेमाराच्या घरात असं पोर निघालं की त्याचं काय करायचं, याची काही ठरलेली रीत नाही. आई, जमना, बोईसरला मासळी विकायला यायची. तिनेच त्याला टाकीच्या कामावर आणून सोडलं. पण जाळं विणण्यात त्याचा जन्म गेलेला. सळयांच्या जोडावर तारेची गाठ मारायची असते, तिथे त्याने तार पिळायचा आकडा हातात घेतला आणि पाहणाऱ्याला वाटावं हा माणूस नुसता सळईवरून हात फिरवत चाललाय. मागे बघावं तर गाठी मारून झालेल्या. खंडेरावांच्या टोळीतली माणसं काम टाकून बघायला लागली.

"आरं बघताय काय? गाठच हाय ती, मंगळसूत्र न्हाय," खंडेराव म्हणाले.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने, सोजराबाईंनी, विचारलं तर म्हणाले, भाकरी करपली होती. भाकरी करपली नव्हती.

पुढे पुढे वामन त्यांना "खंडेमामा" म्हणायला लागला, सोजराबाईंना "मामी". हे तर आणखी जिव्हारी लागलं. दुस्वास करायचा तर समोरच्याने थोडी तरी मदत करावी लागते. हा पोरगा पाय धरल्यासारखा वागायचा. जमना बाजारातून जाताना सोजराबाईंच्या पदरात मूठभर सुके बोंबील टाकून जायची. सोजराबाई पाटणच्या, आयुष्यात बोंबील पाहिला नव्हता. सहा महिन्यांत त्याचं कालवण असं करायला लागल्या की शेजारच्या खोलीतली माणसं वासाने गप्पा मारायला येत.

"खावा की वो. झकास झालंय."

"मला नगं. वास येतोय."

"कालपातुर येत नव्हता. वामन्याच्या आईनं दिलंय म्हनल्याव यायला लागला व्हय?"

खंडेराव ताट सरकवत, आणि सोजराबाई पाठमोऱ्या झाल्या की पातेल्यातलं खात. त्यात त्यांना काही विसंगती वाटत नसे. कालवण बायकोने केलेलं होतं.

*

पावसाळा संपला आणि टाकीचं कडं, म्हणजे पाण्याचा दाब ज्याने कवेत धरायचा तो गोल पट्टा, सुरू करायची वेळ आली. त्यासाठी नवीनच लोखंड आलं. साध्या गुळगुळीत गोल सळया नव्हेत. गिरमिटासारखा पीळ पडलेल्या. आणि त्याबरोबर नगीनशेठनी जाहीर केलं की कड्यासाठी दोन टोळ्या राहतील, आणि काम झाल्यावर दोन्हींवर मिळून एक मुकादम नेमला जाईल. मुकादमाला वेगळी खोली. भिंती विटांच्या, दाराला दार.

मुकादमी आपली, यात खंडेरावांना शंका नव्हती. शंका आली ती पुढच्या वाक्याने. दुसरी टोळी वामनची.

कामावरचे इंजिनीअर टिपणीस साहेब तरुण होते आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "वामन, तू पुढे ये, सळई धर," म्हणाले. एवढं ऐकलं आणि खंडेराव तंबाखू संपल्याचं निमित्त काढून नाक्यावरच्या टपरीवर गेले. तंबाखूची पुडी कनवटीला होती.

ते चहा पीत असताना टिपणीस साहेबांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. लोखंड थोडं वाकवलं तर सोडल्यावर जागेवर येतं. जास्त वाकवलं तर येत नाही, वाकलेलंच राहतं. या दोहोंच्या मधे एक हद्द असते. ही सळई कारखान्यातच, थंड असताना, पिळून त्या हद्दीपलीकडे नेलेली आहे. एकदा तिथपर्यंत जाऊन आल्यावर तिची हद्द पुढे सरकते. साधी सळई जिथे मान टाकेल तिथे ही टाकत नाही. म्हणून कमी लोखंडात जास्त काम. पण हे बळ फुकट आलेलं नाही. नमण्याची जी काही ऐपत तिच्यात होती ती बरीचशी पिळण्यातच खर्च झाली आहे. त्यामुळे ती पुन्हा पुन्हा वाकवायची नाही, उलटसुलट करायची नाही. दुमडीचा भाग सरळ करत बसू नका, कापून टाका. आणि भट्टीत तर मुळीच घालू नका. तापली की पिळाने आलेलं सगळं बळ उतरतं. पीळ मात्र तसाच दिसत राहतो.

"समझा क्या?" शेवटी साहेबांनी हिंदीतही विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

खंडेराव परत आले तेव्हा वामन धावत समोर आला. "मामा, साहेबान सांगलाय, तापवायची नाय. दुमड कापून टाकायची."

"तू मला लोखंड शिकवनार?"

"नाय, मामा. तुमी नव्हते, म्हणून…"

"मी नव्हतो म्हंजे? मी कोयनेवर होतो, तवा तू जाळ्यात कोळंबी मोजत होतास. जा, गाठी मार जा."

वामन गेला. इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. सांगायचं ते सांगून झालं होतं, ऐकणाऱ्याचे कान शाबूत होते. पण ते वाक्य दुसऱ्या कोणाच्याही तोंडून आलं असतं तर खंडेरावांनी ऐकलं असतं. वामनच्या तोंडून आलं, तेव्हा त्याचा अर्थ त्यांना एवढाच लागला की साहेबांनी ते आधी वामनला सांगितलं.

*

पिळाची सळई त्यांना आवडली नाही. ठोकळ्यावर ठेवून घाव घातला तर ती घाव परत पाठवायची. तळव्याला तिचं कुबड कळायचं पण बसायचं नाही. सळई वाकवायची चावी लावून जोर केला तर दोन माणसं लटकायला लागायची. "कारखान्यात खराब झालंय ह्ये लोखंड," त्यांनी निदान केलं. "आखडलंय. ह्याला शेक द्याया पायजे." आखडलेल्या अंगाला शेक देतात, हे पाटणपासून सातपाटीपर्यंत सर्वांना मान्य असलेलं वैद्यक आहे. त्यांनी कोळशाची शेगडी आणि भाता मागवला. दुमडीचा भाग लाल होईपर्यंत तापवला, आणि काय सांगावं, सळई लोण्यासारखी झाली. दोन घावांत सरळ. टोकांचे कोपरे वाकवायचे तर असे काटकोनात की सुताराने गुण्या लावावा.

पलीकडे वामनच्या टोळीचं काम पाहायला गंमत होती. त्यांनी प्रत्येक सळईची दुमड करवतीने कापली आणि तुकडे ढिगात फेकले. वामनने हे फार विचार करून केलं असं नाही. सरळ करण्यापेक्षा कापणं सोपं होतं, साहेबाने सांगितलंही होतं, दोन्ही गोष्टी जुळून आल्या. शेगडी त्याला दिसत होती, पण मामांना पुन्हा लोखंड शिकवायला जायची त्याची छाती नव्हती. त्यांचे वळसेही मोठ्या खुंट्यावरून घातलेले, ढिले, गलथान दिसणारे. तोडलेल्या तुकड्यांचा ढीग नगीनशेठ मनातल्या मनात तोलून बघत.

"आ सूं मांड्यु छे?" ते कपाळावर हात मारत. "अरे वामन, हे लोखंड आहे के ऊस? तोडून तोडून फेकतोस?"

"साहेबान सांगला, शेठ."

"साहेब पैसा देते काय? हे बघ खंडेरावचं काम. एक तुकडा वाया नाय. माणूस आमचा घरचा!"

खंडेरावांनी तेव्हा वर पाहिलं नाही, फक्त घाव जरा वाजवून मारला. टिपणीस साहेब तेवढे दिवस पालघरला बैठकांत होते, परतल्यावर लांबूनच म्हणाले, "वा, खंडेराव, कोपरे सुरेख आलेत." शेगडी तेव्हा विझलेली होती आणि त्यावर चहाचं भांडं होतं. खंडेरावांना ते आठ-दहा दिवस आयुष्यातले सर्वांत चांगले गेले. सोजराबाईंनी एकदा बोंबलाची आमटी केली तर त्यांनी समोरासमोर खाल्ली.

मग एका सकाळी त्यांनी टिपणीस साहेबांना नगीनशेठशी बोलताना ऐकलं. "मुकादमीचं म्हणाल तर माझं मत वामनकडे आहे. पोरगा सांगितलेलं ऐकतो."

सांगितलेलं ऐकतो! खंडेरावांच्या डोळ्यांपुढून कोयना गेली, दोरी गेली, विटांच्या भिंतीची खोली गेली. तिच्या दारात वामन बसलेला दिसला, आणि आत सोजराबाईंना कालवण शिकवणारी जमना.

घरी त्यांनी हे सांगितलं तर सोजराबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हुऊ द्या की त्याला. पोरगं गुनी हाय."

"माझ्यापरीस?"

"मी तसं म्हनलं का? तुमी लोखंड सरळ करता. पर एकदा मनात वाकडं शिरलं की तुमाला कोन सरळ करायचं?"

दुसऱ्या दिवशी सगळे जमलेले असताना खंडेराव टिपणीस साहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, कुनाचं काम चांगलं ह्ये आसं तोंडानं ठरवू नका. त्याची एक सळई काढा, माझी एक काढा. सगळ्यांम्होरं भार द्या. ज्याची हरंल त्यानं मुकादमीचं नाव काढायचं न्हाय."

"मामा, कशाला?" वामन म्हणाला. "तुमीच व्हा मुकादम. मना नाय पायजे."

याहून वाईट बोलणं त्याला जमलं नसतं. "दान नगं मला!" खंडेराव ओरडले.

टिपणीस साहेबांना प्रयोग म्हटला की राहवत नसे. त्यांनी दोन सिमेंटचे ठोकळे अंतरावर ठेवले, त्यांवर सळई आडवी टाकली आणि मधोमध दोरीने लाकडी फळी टांगली. फळीवर विटा रचायच्या, मग उतरवायच्या. "विटा असताना सळई वाकणारच," ते म्हणाले. "विटा काढल्यावर जी जागेवर येईल ती खरी."

पहिली वामनची. विटा चढत गेल्या तशी सळई खाली झोळायला लागली. खंडेराव हसले. "बघा, बघा, झोळली! गोधडी वाळत घाला तिच्याव." माणसंही हसली. विटा उतरवल्या. सळई हळूहळू वर आली आणि ठोकळ्यांवर सरळ होऊन पडली, काही झालंच नाही अशी.

मग खंडेरावांची. त्यांनी ती आपल्या उरलेल्या सळयांतून स्वतः निवडली होती, सर्वांत सुंदर. स्वतःच ठोकळ्यांवर ठेवली, तळवा फिरवला. तेवढ्याच विटा चढल्या. ही जरा जास्त झोळली, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. विटा उतरल्या. सगळे वाट पाहत राहिले.

सळई वर आली नाही. दोन्ही बाजू सरळ होत्या, पण मधे, जिथे दुमड होती आणि जिथे शेगडीने ती लाल केली होती, तिथे तिने मान टाकली होती. फक्त तेवढ्या वीतभर जागेत. पीळ तिच्यावर तसाच होता, सुबक.

"ही तापवलीय," टिपणीस साहेब म्हणाले. ते चिडले नाहीत, हे खंडेरावांना जास्त लागलं. "खंडेराव, अशा किती वर गेल्यात?"

खंडेराव ठोकळ्यावरून सळई उचलायला वाकले.

वर, टाकीच्या कड्यात, दोन्ही टोळ्यांच्या सळया एकात एक बांधून झालेल्या होत्या. सिमेंट ओतायचं बाकी होतं. आगीचे काळपट डाग तिथे शोधावेत तर समुद्राच्या वाऱ्याने सगळ्याच सळया एका रंगाने गंजल्या होत्या, आणि टोकाला वळसा होता तो मोजक्याच सळयांना. टिपणीस साहेबांनी बराच वेळ वर पाहिलं. "ओळखता येत नसेल तर सगळंच उतरवावं लागेल. दोघांचंही."

"सगळं?" नगीनशेठ मटकन विटांवर बसले. "मरी गयो!"

खंडेरावांच्या मनात काय आलं हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना बरं वाटलं. सगळंच उतरलं तर वामनच्या गाठीही उतरतील, ज्या बघायला माणसं काम टाकून उभी राहत होती. दोघांचंही काम भंगारात, दोघेही सारखे. नुसतं गप्प राहायचं होतं. त्याला ना हत्यार लागतं ना जोर. ते जमिनीकडे बघत राहिले.

"वामन," साहेब म्हणाले, "तू शेजारीच काम करत होतास. तुला ओळखता येतील का यांच्या सळया?"

"बगतो, साहेब." वामन शिडीवरून सरसर वर गेला. शिडीवर त्याला ढवळत नसे. कड्यावर वाकून त्याने इकडेतिकडे पाहिलं, एका सळईवर हात ठेवला. "ही मामांची वाटते."

खंडेरावांनी मान वर केली. जिच्यावर वामनचा हात होता तिचा वळसा मोठ्या खुंट्यावरून घातलेला होता, टोक ढिलं, काटकोनाचं नाव नाही. आणि खाली सगळी माणसं, साहेब, शेठ, ती सळई बघत होते. खंडेराव शेवाळ्यांची सळई म्हणून.

"ती? ती माझी?" खंडेराव खालून गरजले. "आरं, डोळं हायत का भोकं पाडल्यात? माझ्या हातचा वळसा असा आसतो व्हय, म्हशीच्या शिंगावानी? हात काढ तिच्यावरचा! उतर, उतर खाली! कोन म्हनतो ह्यो वळखील माझ्या सळया?"

ते शिडी चढले. त्यांनी गेरूचा खडा मागवला आणि कड्याभोवती फिरायला सुरुवात केली. डोळे जवळजवळ मिटलेले. फक्त तळवा सळईवरून जात होता. थांबे, खूण करी, पुढे जाई. डोळ्याने कोणालाही सापडल्या नसत्या अशा त्यांनी काढल्या. जिला नुसता शेक दिला होता, लाल केली नव्हती, तीही काढली. एक चुकून वामनच्या टोळीच्या गाठींत बांधली गेली होती. तीही त्यांनी "ही माझी" म्हणून मोठ्याने सांगून काढली. वामन मागून येत होता आणि खूण केलेल्या सळईच्या गाठी सोडवत होता.

"मामा," तो म्हणाला, "इतक्या सरळ केल्यान तुमी, की मना खरंच कळला नाय."

खंडेरावांना ते ऐकून बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचा राग आला. "गाठी नीट सोड," ते म्हणाले. "तार तोडू नगंस. शेठ रडंल."

संध्याकाळपर्यंत खुणा केलेल्या सळया खाली आल्या. तापवलेले भाग कापून त्याच सळया पुन्हा वर गेल्या, आणि कापलेल्या तुकड्यांचा ढीग वामनच्या ढिगाहून मोठा झाला. त्या ढिगाशेजारी खंडेराव बसून राहिले, तेव्हा वामनने चहा आणून दिला. त्यांनी घेतला, पण वामनकडे पाहिलं नाही.

टाकी झाली, पाणी भरलं, कडं टिकलं. टिपणीस साहेबांनी वर पाठवलेल्या अहवालात असं आहे: "कड्याच्या पोलादाची ओतकामापूर्वी तपासणी करण्यात आली असता काही सळया विहित गुणवत्तेच्या नसल्याचे आढळून आले. अनुभवी कारागीर श्री. खं. मा. शेवाळे यांनी अत्यंत काटेकोरपणे अशी प्रत्येक सळई निदर्शनास आणून दिली. सदर कारागिराची तत्परता, सचोटी व सहकाऱ्यांप्रती सद्भाव वाखाणण्याजोगा असून, वरिष्ठ पदाकरिता त्यांचा योग्य वेळी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."

मुकादम वामन झाला.